गोळी कुठे सापडली, ते आधी लिहून ठेव

ताई, सादर नमस्कार.

मी २६ वर्षांचा, वाळूजला एका कंपनीत नोकरीला आहे. किल्ले भटकायचा नाद कॉलेजपासूनचा. माझं आजोळ जालना जिल्ह्यात, असईच्या शिवाराला लागून. इथे शिंद्यांची आणि इंग्रजांची मोठी लढाई झाली हे लहानपणापासून ऐकत आलोय. मामांच्या गोठ्यात एक लोखंडी गोळा आहे, नांगरताना निघालेला. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून ते दाराशी लावून ठेवतात.

गेल्या वर्षी मी ऑनलाइन मेटल डिटेक्टर मागवला. एप्रिलमध्ये रान मोकळं होतं, तेव्हा मामांच्या आणि शेजारच्या शेतात दोन दिवस फिरलो. शिशाच्या अकरा गोळ्या, पितळेचा एक चपटा तुकडा, तांब्याची दोन नाणी आणि गंजलेलं बरंच काही मिळालं. ग्रुपवर फोटो टाकले, तर एकाने फोन करून गोळ्याचे सहा हजार देतो म्हणाला, बाकीच्याचे वेगळे. आता ग्रुपमधले आठ जण चार मशीन घेऊन यायचं म्हणतायत. मामा म्हणतात, शेत माझं, माल माझा. मामी म्हणते, मेलेल्या माणसांच्या वस्तू घरात आणू नकोस. मला काही विकायचं नाही, नीट संग्रह करायचा आहे. यात काही चूक आहे का? आणि या वस्तू साफ कशा करायच्या? लिंबू चालेल का?

तुमचा, असईचा भाचा (मला अरेतुरेच करा.)

प्रिय भाच्या,

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याची घाई आहे. लिंबू नको. चिंच नको, मीठ नको, व्हिनेगर नको, तारेची घासणी तर नकोच. ज्या अवस्थेत वस्तू मातीतून निघाल्या त्याच अवस्थेत असू देत. शिशाच्या गोळीवर जो करडा-पांढरट थर दिसतो, तो तिनेच स्वतःभोवती धरलेला असतो आणि त्याच्या आधाराने ती इतकी वर्षं टिकलेली असते. लिंबाने तो जातो आणि खालचं शिसं खाल्लं जातं. शिवाय ते शिसं तुझ्या बोटांना लागतं आणि बोटांवरून पोटात जातं. गोळ्या हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, आणि घरात लहान मूल असेल तर डबी त्याच्या हाताला लागणार नाही अशी उंचावर ठेवायची.

त्याहूनही घाईचा आहे मामांचा गोळा. आज रात्रीच त्यांना फोन कर आणि एवढंच विचार, त्याला कुठे भोक आहे का? बुजलेलं, गंजलेलं, बोटाएवढं गोल भोक, किंवा तशी खूण? असेल तर त्यांनी तो हलवू नये, माणसं आणि जनावरं गोठ्यातून बाहेर काढावीत आणि ११२ वर पोलिसांना कळवावं. पुढचं काम बॉम्बशोधक पथकाचं. मी उगीच घाबरवत नाही. त्या काळात दोन तऱ्हेचे गोळे असत. एक भरीव, ओतीव लोखंडाचा. तो आपल्या वजनाने आणि वेगाने आपटून माणसं मारायचा, त्याच्यात स्फोटक काही नसे. दुसरा पोकळ, आत बंदुकीची दारू ठासलेला आणि भोकात वातीची नळी बसवलेला. तो हॉवित्झर आणि उखळी तोफांतून उडवत. आतली दारू कोरडी राहिली असेल तर शंभर-दीडशे वर्षांनीही ती पेटू शकते. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये २००८ साली एक माणूस घराच्या आवारात तिथल्या यादवी युद्धातला असाच गोळा साफ करताना स्फोटात गेला. गोळा १८६० च्या दशकातला होता, आणि तो माणूस नवखा नव्हता, वर्षानुवर्षं हेच काम करत आला होता.

भोक नसेल, तर मामांना तो दुकानातल्या काट्यावर ठेवायला सांग आणि दोरीने त्याचा घेर मोज. घेराला ३.१४ ने भागलं की रुंदी निघते. ९ सेंटीमीटर रुंदीचा भरीव ओतीव गोळा पावणेतीन किलोच्या आसपास भरतो. म्हणजे तो इंग्रजी मापाने सहा पौंडी तोफेचा. गंजाने थोडं वजन घटतं, तेवढं चालायचं. पण रुंदीच्या मानाने तो फारच हलका भरला, तर भोक दिसत नसलं तरी त्याला पोकळ समजायचं आणि पोलिसांना कळवायचं.

आता तुझा मुख्य प्रश्न. यात चूक आहे का, असं तू विचारलंस. आहे, पण ती कुठे आहे हे सांगण्याआधी मला माझी एक गोष्ट सांगू दे.

माझ्या टेबलाच्या खणात एक लिफाफा आहे. त्यावर माझ्याच अक्षरात एक शब्द आहे: ‘खर्डा’. आत शिशाची एक गोळी आहे. १९८६ साली आम्ही काही जण खर्ड्याला गेलो होतो. निजाम आणि मराठ्यांची लढाई तिथे मार्च १७९५ मध्ये झाली. एका शेतकऱ्याच्या रानातून चालताना ढेकळाला टेकलेली ही गोळी दिसली. मी ती उचलली, पदराला पुसली आणि पर्समध्ये टाकली. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. पुढे या विषयात काम करायला लागले, चार लोकांकडून शिकले, आणि एका दुपारी ती गोळी हातात घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं की मी तिची बोलती बंद करून टाकली आहे. ती किल्ल्याच्या बाजूला होती की ओढ्याच्या? चढावर की सपाटीला? तिच्या जवळपास आणखी गोळ्या होत्या का? लढाईत सुटलेली होती, की निजामाची फौज रात्रीची किल्ल्याकडे हटली तेव्हाच्या गोंधळातली? की पुढे शंभर वर्षांनी कुणा शिकाऱ्याने हरणावर झाडलेली? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर आता ती देऊ शकत नाही, कारण मी जागा लिहून ठेवली नाही. भर म्हणजे इतकी वर्षं लाकडी खणात राहिल्याने तिच्यावर पांढरी भुकटी चढली आहे. लाकडातून जी आम्लाची वाफ निघते ती शिशाला खाते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. म्हणून तुझ्या गोळ्या लाकडी पेटीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नकोस. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्या घे, एका डबीत एकच वस्तू.

हे इतकं लांबवून सांगितलं, कारण तुझ्याकडे अशा अकरा गोळ्या आहेत.

त्यातली एक घे आणि खिडकीपाशी उजेडात धर. ती पूर्ण गोल आहे का? मधोमध साच्याची बारीक शिवण आणि ओततानाच्या नळीची चपटी टिकली दिसते का? दिसत असेल तर ती बहुधा उडालीच नव्हती. बंदूक भरण्याच्या घाईत कुणाच्या तरी हातातून निसटली. म्हणजे तिथे, त्याच जागी, एक माणूस उभा होता. आता दुसरी घे. एका बाजूने चपटी झाली आहे? म्हणजे ती कशावर तरी आपटली, आणि झाडणारा ज्याच्यावर नेम धरत होता तो तिच्या आसपास होता. सगळ्यांचं वजन कर. ईस्ट इंडिया कंपनीच्या पायदळाच्या बंदुकीची गोळी ३० ग्रॅमच्या थोडी वर असायची. पिस्तुलाची हलकी, तोड्याच्या म्हणजे वातीने पेटणाऱ्या बंदुकीची हव्या त्या मापाची. पण नुसत्या वजनावरून गोळी कुणाची ते ठरत नाही, कारण शिंद्यांच्या कंपूंकडेही, म्हणजे कवायती पलटणींकडेही, त्याच धर्तीच्या, चकमकीच्या दगडाने पेटणाऱ्या बंदुका होत्या. ते ठरतं गोळ्यांच्या पसाऱ्यावरून. न उडालेल्या गोळ्यांची रांग एकीकडे आणि चपट्या गोळ्यांचा सडा दुसरीकडे असा नकाशा कागदावर आला, की कोण कुठे उभं होतं आणि कुणाकडे तोंड करून लढत होतं ते दिसायला लागतं.

आणि असई ही अशी लढाई आहे की जिथे नेमकं हेच कळायला हवं आहे. तुला माहीत असेल, तरी पुन्हा बघ. २३ सप्टेंबर १८०३. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंद्यांचे कवायती कंपू, शंभराच्या आसपास तोफा आणि शिंदे-भोसल्यांचं अफाट घोडदळ. समोर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची जेमतेम साडेचार हजार माणसं. वाटाड्यांनी सांगितलं, नदी पायी ओलांडायला जवळपास उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिलं की नदीच्या दोन काठांवर दोन गावं अगदी समोरासमोर आहेत. मग यांचं येणंजाणं असणारच, म्हणजे मध्ये उतार असणारच, असा त्याने हिशेब केला, आणि उतार निघाला. तो नदी ओलांडून बगलेवर येतोय हे पाहून शिंद्यांच्या पोलमन नावाच्या, जर्मनीतल्या हनोव्हरच्या सरदाराने आपली सगळी फळी वळवून त्याच्याकडे तोंड करून उभी केली. कवायतीत मुरलेलं सैन्यच एवढं करू शकतं. इंग्रजांची ७४ वी पलटण असई गावाच्या तोफांच्या तोंडी सापडली आणि जवळजवळ कापली गेली. इंग्रजांची फळी पुढे निघून गेल्यावर मेल्याचं सोंग घेऊन पडलेले आपले गोलंदाज उठले आणि त्याच तोफा त्यांनी त्यांच्या पाठीवर डागल्या. कंपनीच्या बाजूचे चारशेच्या वर ठार झाले आणि अकराशेच्या वर जखमी.

हे सगळं आपल्याला मुख्यतः कुणाच्या लिखाणातून कळतं? इंग्रज अधिकाऱ्यांच्या. तोफेपाशी मेल्यासारखा पडून राहिलेला आणि मग उठलेला तो गोलंदाज लिहून काही मागे ठेवू शकला नाही. त्याने जे ठेवलं ते तुझ्या मामांच्या काळ्या मातीत आहे. तोफ कुठे होती, तिचं तोंड कुठे वळलं, छर्रे कुठवर गेले. त्याचा जबाब तेवढाच. म्हणून एक गोळी जागा न लिहिता खिशात टाकली, की त्या जबाबातली एक ओळ पुसली जाते. मला तुझ्यावर रागवायचं नाही. मी स्वतः ती ओळ पुसलेली आहे. पण आठ जण चार मशीन घेऊन दोन दिवस फिरले तर पानंच्या पानं जातील, आणि जाताना प्रत्येकाला वाटत असेल की आपण इतिहास वाचवतोय.

जागेची नोंद केल्याने काय होतं याचं एक उदाहरण देते, म्हणजे मी नुसतं अडवत नाही हे तुला पटेल. अमेरिकेत मॉन्टाना प्रांतात लिटल बिगहॉर्न नावाची रणभूमी आहे. तिथे १८७६ मध्ये तिथले मूळ रहिवासी आणि अमेरिकी घोडदळ यांची लढाई झाली. कस्टर नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखालची तुकडी सगळी मारली गेली, त्यामुळे त्या बाजूने सांगायला कुणी उरलं नाही. मूळ रहिवाशांनी जे सांगितलं ते पुष्कळांनी कानाआड केलं. १९८३ साली तिथलं गवत आगीत जळालं आणि जमीन उघडी पडली. १९८४ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी स्वयंसेवक बोलावले. त्यांच्या हातात तुझ्याकडे आहे तशीच मशीन होती. ते ठरावीक अंतर ठेवून रांगेत चालले. मशीन वाजलं की तिथे छोटी झेंडी रोवायची आणि पुढे जायचं. मागून येणारे माती हलकेच बाजूला करत, वस्तूची जागा आणि दिशा मोजत, नंबर देत, आणि मगच ती उचलत. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांवर बंदुकीतल्या आपटणाऱ्या खिळीचा ठसा उमटतो, आणि तो प्रत्येक बंदुकीचा वेगळा असतो. त्यावरून एकच बंदूक कुठून कुठे सरकत गेली हेसुद्धा त्यांना नकाशावर काढता आलं. मूळ रहिवाशांच्या सांगण्यातलं पुष्कळसं त्या नकाशाने खरं ठरवलं.

बघ, मशीन तेच. फरक फक्त झेंडीचा आणि वहीचा.

मामांचं म्हणणं, शेत माझं, माल माझा. त्यांना आदराने पण स्पष्ट सांग की सातबारा त्यांच्या नावावर असला तरी जमिनीत सापडलेल्या जुन्या वस्तूंचा कायदा वेगळा आहे. १८७८ सालचा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली कोणतीही मोलाची वस्तू सापडली आणि तिची किंमत १० रुपयांच्या वर असली (ही रक्कम तेव्हापासून तीच आहे), तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं: काय सापडलं, कुठे, कोणत्या तारखेला. न कळवणं हा गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्याच कायद्यात वाटणीही सांगितली आहे. मालक कुणी पुढे आला नाही आणि जमीनमालकाशी काही ठरलेलं नसेल, तर तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा जमिनीच्या मालकाला. सरकारला वस्तू हवी असेल तर ते ठरलेली रक्कम देऊन घेऊ शकतं. म्हणजे कळवलं की सगळं हातचं जातं ही जी गावात भीती असते ती पूर्ण खरी नाही. पण लपवलं तर मामा आणि तू दोघंही अडचणीत याल.

फोन करणाऱ्या त्या सहा हजारवाल्याशी बोलणं बंद कर. शंभर वर्षांपेक्षा जुन्या अशा वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरतात. त्यांच्या खरेदी-विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि खाजगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. तुला विकायचं नाही हे मला मान्य आहे. पण तू ग्रुपवर टाकलेले फोटो, सोबत गावाचं नाव, हे आता त्याच्याकडे आहे. उद्या तो तुला न विचारता तुझ्या मामांच्या शेजाऱ्याच्या दारात उभा राहील. शक्य असेल तिथून ते फोटो काढून टाक. (पण फोनमधले मूळ फोटो जप, त्यांचं काम पुढे आहे.)

शेजारच्या शेतात फिरलास म्हणतोस. विचारून फिरलास का, ते पत्रात नाही. विचारलं नसेल तर आधी त्यांच्याकडे जा, त्यांच्या रानातून जे निघालं ते त्यांना दाखव आणि मग पुढचं बोल. आजोळ आहे ते, मामांना तिथे रोज राहायचं आहे. आणि किल्ल्यांवर भटकताना ते मशीन सोबत न्यायचंच नाही. संरक्षित स्मारकात खणणं, काही उचलणं हा सरळ गुन्हा आहे, त्यात हौस म्हणून माफी नाही. शेतातसुद्धा मशीन यापुढे चालवू नकोस. शास्त्रीय शोध घ्यायचा तर तो पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने आणि जाणत्या माणसांच्या हाताखाली व्हायला हवा. तोवर मशीन कपाटात.

मामींचं म्हणणं मला सगळ्यांत खोल वाटलं. तू ते जुन्या समजुतीसारखं लिहिलं आहेस. पण बघ, त्या रानात जी माणसं पडली त्यांत दोन्हीकडे बहुसंख्य आपल्याच देशातली होती. कंपनीकडून मद्रासचे शिपाई, शिंद्यांकडून उत्तर हिंदुस्थानातून, अवधकडून आलेले शिपाई. घरापासून कित्येक आठवड्यांच्या वाटेवर ती माणसं पडली. साध्या शिपायांची नावं आपण कुठे वाचत नाही. मामी जेव्हा म्हणतात की ही मेलेल्या माणसांची वस्तू आहे, तेव्हा त्या त्या वस्तूला तुझ्या ग्रुपपेक्षा जास्त ओळखतात. कधी हाडं दिसली तर तिथेच थांबायचं, माती परत सारायची आणि पोलीस पाटलांना कळवायचं. आणि या वस्तू घरात नकोत असं मामींना वाटत असेल, तर तसं करता येण्यासारखं आहे, कारण त्यांची खरी जागा तुझं कपाट नाहीच.

आता काय करायचं ते सांगते. पहिल्यांदा त्या अकरा गोळ्या आणि बाकीचं वाचवू. एप्रिलमधले मूळ फोटो फोनमध्ये उघड. काढताना लोकेशन सुरू असेल तर प्रत्येक फोटोच्या पोटात जागेची नोंद असते. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या फोटोत ती राहत नाही, म्हणून मूळच हवेत. जे आठवतं त्यासाठी मामांना घेऊन रानात उभा राहा आणि उपग्रहाच्या नकाशावर खुणा कर. जिथे खात्री नाही तिथे ‘अंदाजे’ असं लिही. अंदाज हा अंदाज म्हणून लिहिला तर तोही कामाचा असतो. नांगराने वस्तू खाली-वर होतात, थोड्या सरकतात, पण बहुतेक वेळा त्या आपल्या तुकड्याच्या फार लांब जात नाहीत. त्यामुळे गट नंबर आणि बांधाची दिशा एवढं कळलं तरी पुष्कळ. प्रत्येक डबीवर नंबर, वहीत त्याच नंबरापुढे तारीख, गट नंबर, खोली किती, शेजारी आणखी काय होतं. नाण्यांना हात लावू नकोस. त्यांतलं एखादं शिवराई असू शकेल, पण शिवराई त्या मुलखात शेतकऱ्याच्या कनवटीलाही असायची, तेव्हा लगेच तिला सैनिकाची करू नकोस. गंजलेल्या लोखंडातही बैलाची पत्री, घोड्याची नाल, कुळवाची फास असं काहीही असेल. ते टाकून देऊ नकोस. तोफा बैलांनी ओढून आणल्या होत्या, एखादी पत्री त्यांच्या वाटेवरची असू शकते. लोखंड धुवायचं नाही, तेल लावायचं नाही. बुटांच्या खोक्यात ज्या सिलिका जेलच्या पुड्या येतात त्या डबीत टाकून झाकण घट्ट लावायचं.

मग ही वही, फोटो आणि तुझ्या हातचं एक साधं पत्र जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचं. पोच घ्यायची. त्याची प्रत राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या छत्रपती संभाजीनगरच्या कार्यालयात द्यायची. केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मंडळ कार्यालयही तुझ्याच शहरात आहे. एका फेरीत काम होईल असं नाही, दोन-तीन खेपा पडतील. तेवढी तयारी ठेव.

राहिले तुझे आठ मित्र. त्यांना येऊ दे. मशीन घरी ठेवून, वजनकाटा, मोजपट्टी आणि वह्या घेऊन येऊ दे. असईच्या आसपासच्या गावांत दोनशे वर्षं नांगर चालतोय, म्हणजे कितीतरी गोळे आधीच मातीतून वर आले आहेत. ते मामांच्या गोठ्यासारखेच कुणाच्या दाराशी, कुणाच्या ओसरीवर, कुठे पारावर, कुठे लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून बसलेले असतील. घरोघर जा. घ्यायचं काही नाही, मागायचं काही नाही. आधी भोक आहे का ते लांबून बघायचं, मग फोटो, वजन, घेर, आणि घरातल्या जुन्या माणसाला विचारायचं, कुठल्या रानात निघाला, कुणी नांगरत होतं. हे तुमच्याआधी कुणी नीट केलं असेल तर त्यांच्या कामात भर पडेल, नसेल तर पहिली नोंद तुमची. जी म्हातारी माणसं हे सांगू शकतात ती दर वर्षी कमी होतायत, म्हणून हे काम मला खणण्यापेक्षा तातडीचं वाटतं. पन्नास तोफगोळ्यांच्या जागा नकाशावर आल्या तर तोफांचा मारा कुठून कुठवर होता ते असईच्या शाळेतल्या मुलांनाही दिसेल, आणि एकही खड्डा न पाडता. परवानग्या घेऊन पुढे शाळेत किंवा ग्रामपंचायतीत काचेचं एक कपाट उभं राहिलं, तर तुझा संग्रह तिथे शोभेल. मामींची तक्रारही राहणार नाही.

जमलं तर एका सकाळी कुणालाही सोबत न घेता उतारावर जा. पिंपळगाव आणि वरूडच्या मधे नदीकाठी उभा राहून दोन्ही गावं बघ. पावसाळा सरता सरता जा, लढाई त्याच दिवसांतली आहे, पाणी साधारण तेवढंच असेल.

मामांना विचारायचा एक प्रश्न राहिला. तो गोळा फाळाला लागला तेव्हा ते कोणत्या बांधाकडून कोणत्या बांधाकडे नांगरत चालले होते? शेतकऱ्याला असलं तास पक्कं आठवतं. उत्तर आलं की वजन आणि घेरासोबत मला कळव.

तुझी,
ताई